मधली बासष्ट चित्रं

मधल्यानं पोटावर पडून झाडूच्या दांड्यानं बुटांचा खोका दाराबाहेर ढकलला. खोक्याला चिकटपट्टीनं मोबाइल उभा बांधला होता आणि त्या मोबाइलमधून अख्खा स्टुडिओ डोळे लावून बसला होता. दार जेमतेम वीतभर उघडं. त्या फटीतून दांडा बाहेर, दांड्यामागं मनगट बाहेर, आणि मनगटामागचा घामानं भिजलेला बाकीचा माणूस घरात.

खोका पॅसेजमधल्या फरशीवरून खरखरत गेला, समोरच्या भिंतीपर्यंत नीट पोचला आणि अगदी शेवटच्या क्षणी एका फुटक्या फरशीला अडकून त्यानं पाठ फिरवली.

"आम्हाला कुणाचं तरी दार दिसतंय," मोबाइलमधून मोठ्या बाई म्हणाल्या. "बंद आहे."

"ते समोरचं, बाई."

"छान आहे. पण मला तुझं हवंय."

आत ऐकू यावं म्हणून मधल्यानं आवाज पूर्ण चढवून ठेवला होता. त्यामुळे 'मला तुझं हवंय' हे वाक्य चारही मजले उतरून खालपर्यंत जाऊन आलं. मधल्या फरशीला गाल लावून तसाच थिजला. कुणाचं दार उघडतंय? कुणी जिना चढतंय? खाली कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

मोठ्या बाई म्हणजे स्टुडिओच्या दिग्दर्शक. जपानी कंपन्या ॲनिमेशनची कामं बाहेर देतात, त्यातली काही या स्टुडिओकडे यायची. तिथला सगळ्यात मुरलेला चित्रकार म्हणजे उस्ताद. पात्र हललं, की त्या हालचालीचं पहिलं चित्र उस्ताद काढायचा आणि शेवटचं चित्रही उस्तादच काढायचा. मधली सगळी हा काढायचा. म्हणून हा मधल्या. खरं नाव आता फक्त पार्सलवर असायचं.

सध्याचा सिनेमा होता स्वतःला खोलीत कोंडून घेतलेल्या एका माणसाचा. वर्षानुवर्षं तो बाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही, आई दाराबाहेर ताट ठेवून जाते. हा एकटेपणा स्टुडिओतली चाळीस माणसं कोपराला कोपर लावून, एकमेकांच्या डब्यात हात घालून, खिदळत काढत होती. जपानहून रोज सूचना यायच्या. 'पलंगाखालच्या बाटल्या सहा नसून सात हव्यात.' 'फाटका मोजा डाव्या पायात हवा.' एकदा तर आलं, 'खोलीत एकटेपणा कमी वाटतो, कृपया वाढवावा.' त्या दिवशी उस्ताद तिघांना मदतीला घेऊन संध्याकाळपर्यंत एकटेपणा वाढवत बसला होता.

आणि ज्याला हा विषय तोंडपाठ होता तो मधल्या चौदा महिने घराच्या बाहेर पडला नव्हता. हे स्टुडिओत कुणालाच माहीत नव्हतं. स्टुडिओच्या लेखी त्याची कंबर गेली होती. कंबर गेली म्हटलं की लोक पुढं काही विचारत नाहीत, उलट स्वतःच्या कंबरेबद्दल बोलायला लागतात. चौदा महिन्यांत त्याला चार पट्टे, दोन तेलं आणि व्यायामाचे असंख्य व्हिडिओ आले होते. एकानं तर स्वतःच्या पाठीचा एक्स-रे पाठवला होता, हिंमत यावी म्हणून.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना आला दोनशे बारा नंबरचा कट.

आठ सेकंदांचा तुकडा. तो माणूस इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दार उघडून बाहेर पाऊल टाकतो. सेकंदाला आठ चित्रं, म्हणजे चौसष्ट. पहिलं आणि शेवटचं उस्तादचं, मधली बासष्ट याची. मधल्यानं ती इतक्या मन लावून काढली की बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवली. मग जपानहून एका ओळीचा निरोप आला: 'कॅमेरा बाहेर आहे. दाराची मूठ चुकीच्या बाजूला आहे.'

खरंच होती. मधल्यानं चौदा महिने जे दार पाहिलं होतं तेच काढलं होतं, आतून दिसणारं. आतून मूठ डाव्या हाताला दिसते, तर बाहेरून ती उजव्या हाताला यायला हवी, हे शाळेतलं पोरही सांगेल. चाळीस जणांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही ही गोष्ट वेगळी.

"तुझ्याच घराचं दार आठव की रे," बाई फोनवर म्हणाल्या होत्या. "बाहेरून कसं दिसतं? रंग कुठला?"

मधल्या गप्प.

"अरे, रंग विचारतेय."

त्याला आठवेना.  बाईंनी त्या गप्प बसण्याचा अर्थ आळस असा घेतला आणि फर्मान काढलं. मूठ बदलून भागणार नव्हतं, पाऊलही खोटं वाटत होतं. ॲनिमेशनवाले अवघड हालचाल आधी स्वतः करून बघतात, तिचं शूटिंग करतात आणि त्यावरून काढतात. मधल्यानंही तसंच करायचं. दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आत.

"आणि जमलं नाही, तर परवापासून इथं टेबलावर येऊन बस. कंबरेला उशी देऊ."

एका बाजूला आठ सेकंद, दुसऱ्या बाजूला रोजचं जाणं-येणं. मधल्या रात्रभर बेडरूममधून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. सकाळी त्यानं एक शक्कल लढवली. बेडरूममधून हॉलमध्ये येतानाचं शूटिंग करून पाठवून दिलं.

"जिन्यात फ्रीज कुठून आला?" बाईंनी विचारलं.

त्यानं फ्रीजवर चादर टाकून परत पाठवलं.

"आता जिन्यात भूत आलंय," बाई म्हणाल्या. "तू असं कर, मला पाठवूच नकोस. व्हिडिओ कॉल लाव आणि समोर करून दाखव."

म्हणून हा खोका, हा झाडू आणि ही पाठ फिरवलेली भानगड.

"पावणेचार झाले हं," मोबाइल समोरच्या दाराकडे बघत म्हणाला. "खोका वळव."

झाडू पोचत नव्हता. मधल्यानं खांदा फटीतून बाहेर काढला, मग मान, मग घाबरून सगळं परत आत. अंगावर सिनेमातल्यासारखं ब्लँकेट, डाव्या पायात फाटका मोजा, उजवा पाय उघडा. या अवतारात कुणी पाहिलं तर? पण खरी भीती अवताराची नव्हती. कुणीतरी जिन्यात भेटेल आणि सहज म्हणेल, 'काय, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत!' आणि मग त्याला उत्तर द्यावं लागेल. पहिल्या महिन्यात उत्तर सोपं होतं. दुसऱ्यात जरा अवघड. चौदाव्या महिन्यात ते एवढं लांबलचक झालं होतं, की ते सांगण्यापेक्षा घरात मेलेलं बरं असं त्याला वाटायचं.

तो उभा राहिला. दार पुरतं उघडलं आणि दांड्याच्या टोकानं खोका कसाबसा अर्धा इकडं फिरवला. गुडघे असे लटपटत होते की ब्लँकेटची किनार थुईथुई नाचत होती. त्यानं मोज्यातला पाय उंबऱ्याबाहेर ठेवला. फरशी गार होती. आत उचलून घेतला. परत ठेवला.  धीर यावा म्हणून झाडू छातीशी घट्ट धरून तो दुसरा पाय घेऊन बाहेर आला, वाकला आणि खोका पुरता आपल्या दाराकडे वळवला.

आता आपोआप मिटणाऱ्या त्या दाराला इतका वेळ झाडूनंच अडवून धरलं होतं. आणि झाडू त्याच्या छातीशी होता.

धाड!

दाराला आपोआप लागणारं कुलूप होतं. किल्ली आत, टेबलावर, चहाच्या कपाशेजारी.

मधल्या वळला. दार हिरवं होतं. त्यानं मूठ धरून ओढली, ढकलली, खांदा मारला, मग दोन्ही तळवे दारावर टेकून तो नुसताच उभा राहिला. तोंडातून विचित्र बारीक आवाज येत होता, कुणी फुग्याचं तोंड ताणून हवा सोडावी तसा.

 मोबाइलमधून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय केलंस रे हे!" उस्ताद ओरडला. "ते पाऊल ठेवून परत उचलणं! अंगावर काटा आला माझ्या!"

"आणि गुडघे बघितले का गुडघे?" मागून कुणीतरी म्हणालं. "याला म्हणतात निरीक्षण."

"बाई," मधल्या कसाबसा म्हणाला, "दार लागलं."

"हो, फार छान लागलं. आवाजसुद्धा घेऊन ठेवलाय."

"लागलं म्हणजे... मी बाहेर आहे."

"कळलं रे, तेच तर हवं होतं. आणि शेवटी तो दाराला टेकून कण्हतो ना, ते लिहिलेलं नव्हतं, पण मी ठेवणार आहे. कट पास. तू काही येऊ नकोस इकडं, घरूनच कर, कितीही दिवस कर. कंबरेला जप."

कॉल बंद झाला. कितीही दिवस. सकाळपासून ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं होतं, आणि ते उपभोगायचं घर मात्र पलीकडे होतं.

त्यानं खोक्यावरून मोबाइल सोडवला. ताईचा नंबर तिसऱ्या खेपेला लागला. घराची दुसरी किल्ली तिच्याकडे होती; आतून कडी असायची, म्हणून ती कधी वापरता आली नव्हती.

"बोल रे. मी कामात आहे."

"ताई, किल्ली घेऊन ये."

"का? काय झालं?" मग ती थांबली. "तुझा आवाज असा का घुमतोय? कुठं आहेस तू?"

"जिन्यात."

पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला. मग ताईचं नाक ओढणं.

"तू बाहेर आलास?"

"अगं, आलो नाही. दार लागलं."

"लागू दे! लागू दे मेलं!" ती हसत होती की रडत होती देव जाणे. "चौदा महिने माझ्याशी दाराआडून बोललास तू. थांब, निघालेच मी. दीड तास लागेल. तोवर समोरच्यांकडे बस."

"समोर कुणी राहत नाही."

"मग कुणाकडेही बस!" म्हणून तिनं फोन ठेवला.

दीड तास. मधल्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दिव्याच्या बटणांचा बोर्ड खांद्याला टोचत होता. वरच्या मजल्याला जाणारा जिना, खालच्या मजल्याला जाणारा जिना, आणि दोन्हीकडून कधीही कुणीही येऊ शकत होतं. त्यानं ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मग जे व्हायचं तेच झालं. खालून पावलं वाजायला लागली. दमदार, एकेक पायरी गाळत चढणारी.

पहिला मजला. दुसरा.  लपायला खांबसुद्धा नव्हता. तिसरा. त्याचे पाय त्याला न विचारता समोरच्या दाराकडे धावले आणि मुठीनं त्यानं ते दार बडवायला सुरुवात केली.

"ठेवून जा," आतून आवाज आला.

मधल्याची मूठ हवेत राहिली. हे दोन शब्द त्याचे होते. दिवसातून एकदोनदा तो आतून हेच म्हणायचा, याच सुरात.

"पार्सल नाही," तो कुजबुजला. "मी समोरचा आहे."

"समोर कुणी राहत नाही," आतली बाई म्हणाली. म्हातारा, पण टणक आवाज.

"मी राहतो."

"मीच इथं किती वर्षं राहतेय. समोर कुणी नाही."

तेवढ्यात पार्सलवाला वर पोचला. त्यानं ब्लँकेट पाहिलं, मोजा पाहिला, झाडू पाहिला. मधल्यानं डोळे गच्च मिटले आणि त्या 'दिसला नाहीत' वाक्याची वाट पाहिली.

"तुम्ही इथलेच?" पार्सलवाला म्हणाला. त्यानं एक पिशवी हिरव्या दाराशी ठेवली आणि तसलीच दुसरी या दाराशी. "बरं झालं बाबा, माणूस दिसलं. वर्ष झालं इथं येतोय मी. मला वाटायचं, या मजल्यावर दारंच जेवतात."

आणि शीळ घालत, पायऱ्या गाळत तो उतरून गेला. एवढंच. मधल्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. 

"गेला का?" आतून विचारणा झाली.

"गेला."

दारातल्या भिंगात काहीतरी हललं. मग कडी सरकली आणि चार बोटं दार उघडलं. मध्ये साखळी होती. साखळीच्या वर अर्धा चष्मा आणि पांढऱ्या केसांची एक बट.

"तासभर माझ्या दाराकडे कॅमेरा लावून काय बसला होतास रे?"

"तासभर नाही, दहाच मिनिटं. तो चुकून फिरला, काकू."

"आणि त्यातून बाई ओरडत होती, मला तुझं हवंय. मी म्हटलं, हिला माझं काय हवंय? मग तू आलास, अंगावर ब्लँकेट, हातात काठी."

"झाडू आहे."

"पोलिसांनाच लावणार होते फोन. नंबरही फिरवला होता." तिनं साखळीला हात लावून पाहिला. "पण ते आले की दार उघडावं लागतं."

मधल्यानं मान हलवली. हा मुद्दा त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही... बाहेर नाही पडत का?"

"गुडघा," ती लगेच म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"माझी कंबर."

"फार दुखते?"

"नाही," मधल्या म्हणाला आणि स्वतःच दचकला. चौदा महिन्यांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. "दुखलीच नाही कधी."

चष्मा फटीच्या आणखी जवळ आला.

"माझा खरंच दुखायचा," ती म्हणाली. "मग बरा झाला. चारचौघांना सांगायचं राहून गेलं, आणि मग... राहूनच गेलं. मी पोहायला शिकवायचे, ठाऊक आहे? तीस वर्षं. घाबरट पोरांना काठावरून धरून ढकलून द्यायचे. पडली की पोहतात म्हणायचे."

"पोहायची?"

"बरीचशी. काही नुसतीच पाणी प्यायची." तिनं चष्मा नाकावर सरकवला. "तुला कुणी ढकललं?"

"बाईंनी. आणि थोडंफार झाडूनं."

आतून हसल्यासारखा आवाज आला. फार दिवसांत वापरलेला नसावा, अर्ध्यातच खोकला झाला. मधल्याचे गुडघे अजून ब्लँकेट नाचवत होते. त्यानं भिंतीचा आधार घेतला, तो हातही घसरला.

"अरे, बस की."

"फरशी गार आहे फार. आणि खाली बसलो तर उठता येईल असं वाटत नाही."

"थांब."

आत काहीतरी ओढत आणल्याचा आवाज झाला. फटीतून खुर्चीचा एक पाय बाहेर आला, हवा कशी आहे ते बघावं तसा इकडंतिकडं हलला आणि परत गेला. मग खुर्चीची पाठ आडवी होऊन आली, चार बोटं आली आणि अडकली. ढकलाढकली झाली, साखळी ताणली गेली.

"येत नाही," ती म्हणाली.

"राहू द्या, काकू."

"राहू द्या काय? पडशील. मला इथून दिसतंय."

मग काहीच नाही. ना खुर्चीचा आवाज, ना बोलणं. ही शांतता मधल्याच्या चांगल्या ओळखीची होती. हात कडीवर असतो, घाम फुटलेला असतो, आणि बाहेरचं माणूस जितकं 'ये ना, ये ना' म्हणतं तितका हात जड होत जातो. ताई बाहेर उभी राहून तेच म्हणायची. म्हणून मधल्या ते म्हणाला नाही.

"असं करू," तो म्हणाला. "मी भिंतीकडे तोंड करतो. ब्लँकेटही डोक्यावरून घेतो. तुम्ही खुर्ची ठेवा आणि आत जा. मी बघणार नाही."

"शपथ?"

"शपथ."

तो वळला, ब्लँकेट डोक्यावरून ओढलं, नाक भिंतीला टेकवलं. भिंतीला चुन्याचा वास होता. दार लागलं. साखळी एकदा खळखळली आणि थांबली. पुन्हा खळखळली. दाराच्या बिजागरीनं लांबलचक कुरकुर केली. मग धापा, जवळच, मधे दार नसलेल्या धापा.

"अरे, ऐक," काकू म्हणाली. दाराआडचा तो टणक आवाज आता चांगलाच बारीक झाला होता. "उंबऱ्यावरून उचलत नाही मला ही. हात कापतायत. एका बाजूनं धर."

"मग मला वळावं लागेल."

"डोळे मिटून वळ."

"बरं."

"मीपण मिटलेत."

मधल्या वळला. हात पुढं करून चाचपडत गेला, आधी हवा लागली, मग लाकूड. लाकडातून त्याच्या तळव्यांत बारीक थरथर येत होती. ती तिची होती की त्याचीच तिकडं जाऊन परत येत होती, सांगता येत नव्हतं.

दोघांनी खुर्ची उचलली. ती आधी दाराच्या चौकटीवर आपटली, मग पार्सलच्या पिशवीवर, मग त्याच्या नडगीवर. दोघंही एकदमच कळवळले. डोळे मात्र कुणी उघडले नाहीत.

"आलो का बाहेर?" काकूनं विचारलं.

मधल्यानं फाटक्या मोज्यातल्या बोटांनी फरशी चाचपून पाहिली.

"अजून थोडं," तो म्हणाला.